पाचशे मीटरची रेघ: शिकारीसाठी सोडलेले फेझंट आणि इंग्लंडमधल्या संरक्षित जागा

जुलै महिन्यात इंग्लंडच्या ग्रामीण भागात जाळीचे क्रेट लादलेल्या गाड्या रानाच्या कडेला येऊन थांबतात. क्रेटमध्ये सहा ते आठ आठवड्यांची फेझंटची पिल्लं असतात. ती कुंपण घातलेल्या रानाच्या तुकड्यात सोडली जातात, तिथे दाणापाण्यावर वाढतात आणि हळूहळू बाहेरच्या रानात पसरतात. १ ऑक्टोबरला त्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. हे सगळं दरवर्षी नव्याने घडतं. एक्सेटर विद्यापीठातले जोआ मॅडन यांनी २०२१ मध्ये मांडलेला अंदाज असा, की ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण ३ कोटी १५ लाख फेझंट आणि ९१ लाख लाल पायांचे तित्तर सोडले जातात. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या मोकळ्या पक्ष्यांचं एकत्र वजन केलं, तर त्यातलं जवळजवळ निम्मं या दोन जातींचं भरेल, असा हिशेबही त्याच वर्षी अभ्यासकांनी मांडला.

फेझंट हा आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी. नराची मान हिरवी चमकदार, अंग तांबूस सोनेरी, शेपटी लांब. तो मूळचा आशियातला, कॉकेशसपासून चीनपर्यंतचा. लाल पायांचा तित्तर फ्रान्स-स्पेनकडचा, हिमालयातल्या चुकार तित्तराचा जवळचा भाऊबंद. दोघेही ब्रिटनमध्ये माणसाने आणले. फेझंट तिथे कित्येक शतकांपासून आहे, त्यामुळे कायद्याच्या नजरेत तो ‘तिथे नेहमी राहणारा’ पक्षी ठरला, आणि पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू झाला.

परवानगी कुणी मागतच नव्हतं

ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यातलं कलम १४ सांगतं, की जो प्राणी देशात नेहमी राहत नाही किंवा ज्याचं नाव नवव्या परिशिष्टात आहे, तो परवान्याशिवाय मोकळा सोडणं हा गुन्हा आहे. फेझंट ‘नेहमी राहणारा’ धरला गेला होता आणि परिशिष्टात त्याचं नाव नव्हतं. म्हणून एखाद्याने दहा हजार पक्षी सोडले तरी कलम १४ त्याच्या वाटेला जात नव्हतं.

दुसऱ्या बाजूला युरोपीय कायद्यातून आलेल्या संरक्षित जागा होत्या. त्या दोन प्रकारच्या. दुर्मिळ अधिवास आणि पक्षी सोडून इतर प्राणी-वनस्पतींसाठी राखलेल्या जागांना ‘स्पेशल एरिया ऑफ कन्झर्व्हेशन’ म्हणतात, तर पक्ष्यांसाठी राखलेल्या जागांना ‘स्पेशल प्रोटेक्शन एरिया’. पहिल्या प्रकाराचा पाया १९९२ चा अधिवासांविषयीचा युरोपीय निर्देश. त्याचा सहावा अनुच्छेद दोन गोष्टी सांगतो: अशा जागांची अवस्था खालावू देऊ नये, आणि तिथे परिणाम होऊ शकेल अशा प्रत्येक कामाची आधी तपासणी व्हावी. ही तपासणी किती कडक असावी हे २००४ मध्ये नेदरलँड्सच्या वाडन समुद्रातल्या शिंपले गोळा करण्याच्या खटल्यात ठरलं. जागेचं नुकसान होणार नाही याविषयी वाजवी शास्त्रीय शंका उरत नसेल, तरच परवानगी द्यायची. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही इंग्लंडने ही चौकट आपल्या कायद्यात कायम ठेवली.

अशा जागेशेजारी इमारत बांधायची तर तपासणी व्हायची. रानात हजारो पक्षी सोडायला मात्र कुठलाच अर्ज लागत नव्हता, त्यामुळे तपासणीचा प्रश्नच येत नव्हता. क्रिस पॅकम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांच्या ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने २०१९ मध्ये नेमकं यावर बोट ठेवून सरकारला कायदेशीर आव्हान दिलं. पर्यावरण खात्याने, म्हणजे डेफ्राने, उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी परवाना पद्धत आणण्याचं जाहीर केलं. २०२१ मध्ये फेझंट आणि लाल पायांचा तित्तर नवव्या परिशिष्टात आले, पण एका मर्यादेसह: अशा संरक्षित जागेच्या आत किंवा तिच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत सोडले जात असतील तरच. बाकी देशात पूर्वीसारखंच चालू राहिलं.

आपल्याकडे अभयारण्यांभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनची चर्चा वाचकांनी ऐकलेली असेल. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सगळीकडे किमान १ किलोमीटरचा पट्टा सांगितला आणि एप्रिल २०२३ मध्ये ती सरसकट अट सैल केली. इंग्लंडमधल्या पट्ट्याचा विचार वेगळा आहे. तो एका पक्ष्याच्या चालीवर आणि विष्ठेवर बेतलेला आहे.

५०० मीटरच का?

नेचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये झालेल्या आढाव्यात दिसलं, की सोडलेल्या पक्ष्यांचे वाईट परिणाम सोडण्याच्या जागेजवळ एकवटतात आणि ५०० मीटरच्या पुढे ते फार कमी होतात किंवा आढळतच नाहीत. फेझंट उडतो, पण त्याचा दिवस पायावर जातो. जिथे दाणा मिळतो आणि रात्री बसायला फांदी मिळते, त्या परिसरातच तो घुटमळतो.

परिणाम नेमका कसा होतो हे समजलं, की पुढचे आकडे आपोआप कळतात. पक्ष्यांना गहू किंवा तयार खाद्य बाहेरून आणून घातलं जातं. ते विष्ठेतून जमिनीवर पडतं, म्हणजे शेतातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम रानाच्या मातीत येतं. ब्रिटनमधली शेकडो वर्षं जुनी पानझडी रानं नेमकी उलट परिस्थितीवर जगतात. तिथली माती तशी गरीब असते, आणि ब्लूबेलसारख्या सावलीत वाढणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतींना तेच मानवतं. मातीला खत मिळालं, की खाजरं नेटल आणि झपाट्याने वाढणारी वर्षायू तणं त्यांना मागे सारतात. २००५ मध्ये रूफस सेज आणि सहकाऱ्यांनी जुन्या रानांतल्या अशा कुंपणांच्या आतली माती आणि झाडोरा बाहेरच्याशी ताडून पाहिला, तेव्हा हेच दिसलं: आत फॉस्फरस आणि पोटॅशियम जास्त, उघडी माती जास्त, सावलीतल्या बहुवर्षायू वनस्पती कमी. हेक्टरी १००० पक्ष्यांच्या वर हा फरक ठळक होत होता.

दुसरा मार्ग हवेचा. विष्ठेतून अमोनिया उठतो आणि झाडांच्या सालीवरच्या दगडफुलांना तो मारक ठरतो. आपल्या गोडा मसाल्यात पडणारं दगडफूल ज्या गटातलं, त्याच गटातल्या कितीतरी जाती पश्चिम ब्रिटनच्या ओलसर ओक रानांत आहेत, आणि स्वच्छ हवेशिवाय त्या टिकत नाहीत. त्यांना मुळं नसतात. जे मिळवायचं ते हवेतून आणि पावसातून, त्यामुळे विषही थेट अंगात जातं.

तिसरा मार्ग चोचीचा. फेझंट किडे, अळ्या, कोवळे कोंब, बिया असं सगळं टिपतो, आणि लहान सरडे-सापही सोडत नाही. ब्रिटनमधला अ‍ॅडर हा घोणशीच्या कुळातला साप अनेक ठिकाणी कमी होत चालला आहे, म्हणून त्याची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. पण इथला पुरावा बहुतेक प्रत्यक्षदर्शी नोंदींचा आहे, मातीच्या बाबतीत आहे तसा मोजमापांचा नाही. हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

शिकारीमुळे होणारा फायदाही खरा आहे. फेझंट हवेत म्हणून कुंपणझुडपं राखली जातात, रानात उजेड यावा म्हणून विरळणी होते, मका आणि ज्वारीवर्गातली पिकं पक्ष्यांसाठी उभी ठेवली जातात आणि हिवाळ्यात छोट्या दाणेखाऊ पक्ष्यांना तिथे आसरा मिळतो. हे फायदे मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरतात आणि तोटा लहान क्षेत्रात दाटतो. म्हणूनच संरक्षित जागेच्या उंबऱ्यावर नियम घट्ट करणं मला योग्य वाटतं.

गुंठ्याला सात, गुंठ्याला दहा

पक्षी ज्या कुंपणात सोडतात त्याला रिलीज पेन म्हणतात. सुमारे २ मीटर उंचीची जाळी, वर छप्पर नाही, कोल्ह्याने उकरू नये म्हणून जाळीचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरलेला, भोवती विजेची तार. पिल्लांच्या एका पंखाची मोठी पिसं कापलेली असतात. काही आठवड्यांत ती पुन्हा वाढली, की पक्षी उडून बाहेर जातात. पायी परत येणाऱ्यांसाठी जाळीत ठरावीक अंतरावर नरसाळ्यासारखी दारं असतात आणि त्यांच्या तोंडाशी सुमारे ९ सेंटीमीटर अंतराचे गज, म्हणजे पक्षी आत येतो आणि कोल्हा बाहेर राहतो.

संरक्षित जागेत किंवा तिच्या पट्ट्यात पक्षी सोडण्यासाठीचा ‘जीएल४३’ हा सामान्य परवाना पेनच्या क्षेत्रफळावर चालतो. सामान्य परवाना म्हणजे अर्ज करावा लागत नाही, पण त्यातली एकेक अट पाळली तरच तो तुम्हाला लागू होतो. एक अट मोडली, की तुमच्याकडे परवानाच नव्हता असं धरलं जातं आणि कलम १४ चा गुन्हा उभा राहतो, ज्याला दंड आणि तुरुंगवास अशी दोन्ही शिक्षा आहे. २०२१ च्या परवान्यातलं मुख्य प्रमाण असं: संरक्षित जागेच्या आत पेनच्या हेक्टरी ७०० फेझंट, भोवतीच्या ५०० मीटर पट्ट्यात हेक्टरी १०००. हे आकडे गेम अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट या संशोधन संस्थेच्या आधीच्या शिफारशींशी जुळतात. तिथेही जुन्या नैसर्गिक रानासाठी ७०० आणि इतरत्र १००० असंच आहे.

आपल्या मापात सांगायचं तर हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे. म्हणजे आत गुंठ्याला ७ पक्षी, पट्ट्यात गुंठ्याला १०. समजा पेन ६० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ३००० चौरस मीटर, म्हणजे ०.३ हेक्टर, साधारण ३० गुंठे. संरक्षित जागेत त्यात २१० पक्षी सोडता येतील, पट्ट्यात ३००. पेन हद्दीवर अर्धं आत, अर्धं बाहेर येत असेल तर २१० धरावेत, कारण पक्षी आतली रेघ पाहून विष्ठा टाकत नाहीत. उतारावरच्या पेनचं क्षेत्रफळ जाळीच्या लांबीवरून काढू नये, नकाशावर दिसतं ते सपाट क्षेत्रफळ घ्यावं.

तित्तराचं गणित निराळं, कारण तो रानात नाही, शेतात सोडतात. साधारण १२ ते १६ आठवड्यांचे पक्षी मक्यासारख्या पिकाच्या कडेला छोट्या बंद पिंजऱ्यांत ठेवून थोडे थोडे मोकळे करतात. त्यांच्या शिकारीचा हंगामही आधी, १ सप्टेंबरला सुरू होतो. इथे हेक्टर मोजायचे ते पेनचे नाहीत, त्या आडोशाच्या पिकाचे.

चूक कुठे होते

सगळ्यात साधी चूक एककाची. शेतकरी आणि गेमकीपर, म्हणजे शिकारीचे पक्षी सांभाळणारे, आजही एकरात बोलतात. ‘हजार’ हा आकडा डोक्यात बसतो आणि एकरी हजार सोडले जातात. हेक्टर २.४७ एकरांचा असतो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ अडीचपट पक्षी झाले. अंडी उबवणाऱ्या केंद्राकडे मागणी नोंदवण्याआधी पेनची चारही बाजू टेपने मोजून कागदावर लिहून ठेवणं हा यावरचा स्वस्त उपाय.

दुसरी चूक भरपाईची. पिल्लं सोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात काही मरतात: थंड पाऊस, कोल्हा, शिकारी पक्षी, आतड्याचे रोग. शंभर मेली म्हणून आणखी शंभर मागवायची ही जुनी पद्धत. जीएल४३ ती चालू देत नाही. हंगामातली मर्यादा एकदाच वापरायची, मेलेल्यांच्या जागी नवे नाहीत. कारण सरळ आहे. मेलेल्या पक्ष्याने तोवर टाकलेलं फॉस्फरस मातीतून परत निघत नाही.

तिसरी चूक दाण्याची, आणि अनुभवी माणसांकडूनही हीच सर्वाधिक होते. पेन हद्दीपासून ४०० मीटरवर आहे, पक्षी नियमात बसतात, आणि मग ऑक्टोबरमध्ये दाण्याची पिंपं थेट संरक्षित रानाच्या कडेला मांडली जातात, कारण तिथून पक्षी उंच उडतात आणि शिकाऱ्यांना तेच हवं असतं. फेझंट दाण्यामागे जातो. ५०० मीटर ही रेघ पेनभोवतीच्या परिणामांवरून ठरली आहे, दाणा हलवला की तिचा आधारच सुटतो. म्हणून पक्षी संरक्षित जागेत शिरू नयेत यासाठी खटपट करणंही अटींत येतं. पिंपं हद्दीच्या विरुद्ध बाजूला ठेवावीत, पिकाचा पट्टा तिकडेच पेरावा, आणि रोज संध्याकाळी पक्षी कुठे बसतात ते पाहून भरकटलेल्यांना परत हाकावं. रात्री ते जिथे बसतात तिथेच विष्ठा साचते, म्हणून झाडाखाली पाहिलं तर चूक कागदापेक्षा आधी कळते.

चौथी गोष्ट दुहेरी परवानगीची. इंग्लंडमधल्या या संरक्षित जागा जवळजवळ सगळ्या ‘विशेष शास्त्रीय महत्त्वाची जागा’ या देशी यादीतही असतात. तिथे कोणत्या कामांना नेचरल इंग्लंडची संमती लागते याची यादी जमीनमालकाला दिलेली असते, आणि पक्षी सोडणं किंवा त्यांना खाऊ घालणं तिच्यात असू शकतं. सामान्य परवाना या संमतीची जागा घेत नाही. आधी संमतीचा कागद काढून पाहावा, कारण तिथली मर्यादा जीएल४३ पेक्षा कमी असेल तर तीच पाळावी लागते. हद्द कुठे आहे ते मॅजिक या सरकारी नकाशा-संकेतस्थळावर फुकट दिसतं. अंतर मोजायची सोयही तिथेच आहे. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये.

ज्यांना या अटींत बसणं शक्य नाही, त्यांना नेचरल इंग्लंडकडे स्वतंत्र परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तिथे वाडन समुद्राच्या खटल्यातला प्रश्न समोर येतो: वाजवी शंका उरते का? संरक्षित जागेचं वैशिष्ट्य काय, पक्षी किती, कुठे, कधी, दाणा कुठे, हे सगळं त्या उत्तरात मोजलं जातं. दगडफुलांसाठी राखलेल्या ओक रानाशेजारी ज्याला नकार मिळेल, तेच काम खाऱ्या दलदलीच्या किनाऱ्याशेजारी कदाचित मान्य होईल.

पक्षी-ताप आल्यावर

२०२१ चा विचार माती, वनस्पती आणि किड्यांभोवती झाला होता. मग एच५एन१ प्रकाराच्या पक्षी-तापाची, म्हणजे बर्ड फ्लूची, साथ आली आणि समुद्रपक्ष्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांनाच त्याने गाठलं. तेव्हा प्रश्न बदलला: बंदिस्त वाढलेले लाखो पक्षी जंगली पक्ष्यांच्या राखीव जागांजवळ सोडले, तर विषाणू एकीकडून दुसरीकडे जाईल का? २०२३ मध्ये पक्ष्यांसाठीच्या संरक्षित जागा आणि त्यांचे पट्टे सामान्य परवान्यातून वगळले गेले आणि तिथे स्वतंत्र परवाना मागावा लागला. ब्रेकलँड हे त्यातलं ठळक नाव. नॉरफोक-सफोकच्या या रेताड पट्ट्यात स्टोन कर्लू, नाइटजार आणि वुडलार्क घरटी करतात, आणि शिकारीच्या मोठ्या इस्टेटीही तिथेच आहेत. पक्षी-जागांचे हे नियम साथीच्या चढउताराप्रमाणे फिरतात, म्हणून वसंतात पिल्लांची मागणी देण्याआधी त्या वर्षीचा परवाना मुळातून वाचणं आवश्यक आहे.

साथीचा वेगळा कायदाही आहेच. लागण झालेल्या ठिकाणाभोवती ३ किलोमीटरचा संरक्षण पट्टा आणि १० किलोमीटरचा निगराणी पट्टा आखतात आणि त्यांच्या आत पक्षी सोडायला बंदी येते. पेनमध्ये सात आठवड्यांची पिल्लं तयार आणि बाहेर पट्टा जाहीर, अशी वेळ आली तर पिल्लं ठेवायला जागा, खाद्य आणि माणसं आधीच ठरवलेली हवीत. गर्दीत वाढणारी पिल्लं एकमेकांची पिसं टोचू लागतात, चार-पाच दिवसांत परिस्थिती हाताबाहेर जाते.

जे या नियमांत सुटतं

हेक्टरी प्रमाणाची एक मोठी उणीव आहे. पेन दुप्पट मोठं केलं, की पक्षी दुप्पट सोडता येतात. मातीवरचा हेक्टरी भार तेवढाच राहील, पण दाण्यामागे हिंडणारे पक्षी दुप्पट होतील. एकाच रानाभोवती तीन मालकांची तीन पेनं असतील, तर प्रत्येक जण आपापल्या कागदावर बरोबर आणि रानावर मात्र तिघांचाही भार. पेन रानाच्या एक-तृतीयांशाहून मोठं नसावं ही शिफारस थोडा लगाम घालते, पण ती शिफारसच आहे. माझ्या मते एका संरक्षित जागेभोवती हंगामात एकूण किती पक्षी, याची मर्यादा असायला हवी. त्यासाठी आधी खरी बेरीज हवी, आणि सध्या ती सोडणाऱ्यांनी स्वतः पाठवलेल्या नोंदींवर अवलंबून आहे.

पेन कुठे घालायचं हा निर्णय मात्र आजही मालकाच्या हातात आहे, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. जुनं रान सोडून सूचिपर्णी लागवडीत किंवा नव्या झाडोऱ्यात पेन घातलं, तर गमावण्यासारखं कमी असतं. जुन्या रानात आधीपासून पेन असेल आणि ते हलवायचं असेल, तर ते लागवडीत न्यावं. काही जण जमिनीला विश्रांती म्हणून दर दोन-तीन वर्षांनी त्याच रानात पेन पुढे सरकवतात. शेतात फेरपालट उपयोगी पडते, इथे ती उलटते. पेन बंद करून वर्षं लोटली तरी फॉस्फरस मातीत तसाच राहतो आणि ब्लूबेल परत येत नाहीत. सरकवत गेलं तर एका डागाचे चार डाग होतात.